जुना डेस्कटॉप, दहा हजारांचं बजेट आणि गेमिंग : आधी काय बदलू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न धाकट्या भावासाठी आहे. तो नुकताच बारावी झाला. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा ऑनलाइन तासांसाठी आम्ही एक वापरलेला डेस्कटॉप घेतला होता. एका ऑफिसातून निघालेल्या लॉटमधला, नऊ हजारांना. अभ्यासाला त्याने चांगली साथ दिली. आता भावाला त्यावर व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ आणि जीटीए ५ खेळायचंय. परीक्षेच्या आधी मी त्याला शब्द दिला होता, आणि तो मला पाळायचाय.

आतलं सामान असं: इंटेल आय५-३४७० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर३ रॅमची ४ जीबीची एकच पट्टी, ५०० जीबी हार्ड डिस्क. ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारं वेगळं कार्ड) नाही. मॉनिटर १९ इंची, १३६६ बाय ७६८, मागे जोडणीला फक्त जुनं निळं व्हीजीए. विंडोज १० आहे.

आमच्याकडच्या दुकानदाराचं म्हणणं, "४ जीबीचं जीटी ७३० टाका, साडेचार हजारांत सगळे गेम पळतील." बजेट एकूण दहा हजार, त्याच्यावर एक रुपया नाही. काय करू?

पाना_पक्कड

ताई, आधी एक विनंती. ते जीटी ७३० आज घेऊ नका. नाशिकला माझं दुरुस्तीचं काम आहे. महिन्याला दोन-तीन जण तरी हेच कार्ड हातात घेऊन येतात आणि "गेम का अडकतो?" म्हणून विचारतात. वाईट वाटतं, कारण त्यातले बरेच विद्यार्थी असतात आणि पैसे साठवून आणलेले असतात.

खोक्यावर "४ जीबी" मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. ती झाली कोठाराची साइझ. खरा प्रश्न असतो कोठाराच्या दाराचा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जीटी ७३० वर ६४ बिटची डीडीआर३ मेमरी असते. तिचा वेग सेकंदाला १४-१५ जीबीच्या आसपास. जीटीएक्स १०५० टीआय या कार्डाचा ११२, जीटीएक्स १६५० चा १२८. दोन्हींवर ४ जीबीच मेमरी, पण माल बाहेर काढायचा वेग आठ-नऊ पट. जीटी १०३० घेणाऱ्यांनीही हेच तपासावं. त्याच नावाखाली डीडीआर४ वालं एक कार्ड विकतात आणि ते जीडीडीआर५ वाल्याच्या पुष्कळ मागे पडतं.

तुमच्या प्रोसेसरमधलं एचडी २५०० ग्राफिक्स तर व्हॅलोरंटच्या किमान अटीतही बसत नाही, तिथे एचडी ४००० मागितलंय. म्हणजे कार्ड लागणारच. पण कोणतं, हे तुमच्या एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर ठरेल. कॅबिनेटची बाजूची पत्री उघडा आणि एसएमपीएसच्या लेबलचा फोटो काढा. वर ४५० वॅट लिहिलंय की ५००, तिकडे बघू नका. खाली कोष्टकात "+१२ व्होल्ट" च्या रांगेत किती अँपिअर आहेत तेवढं सांगा. आणि कॅबिनेट उभं मोठं आहे की चपटं, तेही.

रात्रपाळी

वेगळं मत मांडतो. एच६१ ही २०११ ची पिढी आहे. हे मशीन आहे तसं विकून टाका आणि रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरवर नवीन बांधा. त्यातलं आतलं ग्राफिक्सच व्हॅलोरंट आरामात चालवतं, वेगळं कार्ड लागत नाही.

पाना_पक्कड

रात्रपाळी, सल्ला वाईट नाही, पण हिशोब मांडून बघा. प्रोसेसर, बोर्ड, १६ जीबी डीडीआर४, एसएमपीएस. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे काही चढलेत की नुसत्या रॅमनेच दहा हजारांतला मोठा घास जाईल. ताईंच्या बजेटच्या दुपटीच्या पुढे जातं ते. त्यांना डीडीआर३ लागते, आणि ती जुन्या बाजारात अजून स्वस्तात मिळते. आज मशीनचं जुनेपणच त्यांच्या कामी येतंय.

वऱ्हाडकर

मी म्हणतो सगळ्यात आधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क) टाका बाप्पा. मी अकोल्यात तीन मशीनला टाकल्या. संगणक चालू करून चहा ठेवायला जायचो, आता चहा ठेवायच्या आत डेस्कटॉप समोर असतो. हार्ड डिस्कवर विंडोज १० म्हणजे जिवाला त्रास.

कृष्णाकाठ

काल रात्री भाऊ आणि मी कॅबिनेट उघडलं. पहिल्यांदाच. वायर काढली, पॉवरचं बटण एकदा दाबून ठेवलं, मग पत्री सरकवली. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा असा थर होता की तो गोधडीच्या तुकड्यासारखा अख्खा उचलून आला. तो निघाल्यावर खाली ॲल्युमिनियमच्या पात्या दिसल्या. तोवर आम्हाला वाटत होतं की तिथे काळं प्लास्टिकच आहे.

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. पण "+१२ व्होल्ट" खाली १६ अँपिअर. कॅबिनेट उभं आणि मोठं आहे. हात लावला की कधीकधी बारीक झिणझिण्या येतात, हेही सांगते.

पाना_पक्कड

लेबल वाचलंत, अर्धं काम झालं. आता गुणाकार करा. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही या १२ व्होल्टवरच जगतात. वरचे ४५० हे विकायचे आकडे. तुमचा प्रोसेसर ७७ वॅटचा. जीटीएक्स १६५० साधारण ७५ चं. बोर्ड, डिस्क, पंखे यांचे तीस-चाळीस धरा. झाले की नाही १९० च्या घरात? आणि अशा एसएमपीएसचं लेबलवरचं १९२ सुद्धा खरं असेल याची खात्री मी देत नाही, त्यातून याने इतकी वर्षं काम केलंय.

म्हणून माझा क्रम सांगतो. आधी एसएमपीएस, मग कार्ड, मग रॅमची पट्टी. बाकी सगळं नंतर. चार वर्षांपूर्वी एक मुलगा असाच मिरवत नवीन कार्ड घेऊन आला होता. एसएमपीएस जुनाच ठेवायचा हट्ट, कारण पैसे संपले होते. मीही ऐकलं, आणि ते माझं चुकलं. आठव्या दिवशी खेळता खेळता आवाज आला, जळका वास आला, आणि जाताना एसएमपीएस बोर्डाला आणि त्या नव्या कार्डाला घेऊन गेला. त्या मुलाचा चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून कार्ड बसवायच्या आधी मी लेबल वाचतो, आणि आकडा बसत नसेल तर गिऱ्हाइकाला परत पाठवतो.

नवा घेताना चांगल्या कंपनीचा, ८० प्लस शिक्क्याचा (वीज कमी वाया घालवतो असं सांगणारा शिक्का) ४५० वॅटचा घ्या. तिथे १२ व्होल्टला पस्तीसच्या आसपास अँपिअर दिसतील. कार्डासाठी ६ पिनची वेगळी वायर त्यातूनच निघते. आणि कुणी "साटाच्या वायरीवरून ६ पिन करून देतो" (साटा म्हणजे डिस्कला वीज देणारी जोडणी) म्हणालं तर नको म्हणा. साटाच्या जोडणीत १२ व्होल्टला तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर. म्हणजे ५४ वॅट. ६ पिनला ७५ पर्यंत ओढायची मुभा असते. तो जोड तापतो आणि वितळतो, वितळलेले माझ्या टेबलावर आलेत.

झिणझिण्यांचं कारण बहुधा घरात अर्थिंग नसणं हे आहे. तीन पिनचा प्लग असला तरी भिंतीतल्या बोर्डात तिसरी वायर जोडलेलीच नसते. वायरमनला बोलवून ते आधी करून घ्या. ते या दहा हजारांत धरू नका, ते घरासाठी आहे.

म्हापशेकर

कार्डाबद्दल माझा अनुभव. जुनं घेणार असाल तर तीन नावं ऐकू येतील: १०५० टीआय, १६५० आणि आरएक्स ५७० किंवा ५८०.

आरएक्स ५८० ताकदीला या तिघांत सरस आहे, आणि कधीकधी १६५० च्याच भावात मिळतं. पण ते १८५ वॅटचं, ८ पिन मागणारं. शिवाय १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग (कार्डं राबवून चलन कमावणं) कायमचं थांबलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. त्यातली सगळीच वाईट नसतात. पण ओळखायला नजर लागते आणि पहिल्या खरेदीला ती नसते.

१०५० टीआय २०१६ चं, १६५० हे २०१९ चं. पास्कल पिढीची, म्हणजे १०५० टीआयची, नवीन गेमसाठीची ड्रायव्हर (कार्ड चालवणारी सॉफ्टवेअर) एनव्हिडियाने २०२५ मध्ये थांबवली, आता फक्त सुरक्षेपुरती येतील. १६५० ला अजून पूर्ण मिळतात. हजार-दीड हजाराचा फरक असेल तर मी १६५० कडे जाईन. काही १६५० वर ६ पिन असते, काहींवर नसते. नवा एसएमपीएस येणारच आहे, तेव्हा दोन्ही चालतील.

कुणी आरएक्स ६४०० सुचवेल. ते ५३ वॅटचं, दिसायलाही छान. पण कार्ड बसतं त्या स्लॉटमध्ये माहिती नेणाऱ्या सोळा मार्गिका असतात, त्यातल्या चारच ते वापरतं. नवीन बोर्डावर ते जाणवत नाही, तुमच्या जुन्या स्लॉटवर जाणवेल. त्यात व्हिडिओ रेकॉर्डिंगचा एन्कोडरही नाही.

आमच्या किनाऱ्याकडचं कार्ड घ्यायची वेळ आली तर मागची पत्री आणि एचडीएमआयचं तोंड उजेडात धरून बघा. खारट हवेने तिथे पांढरट-हिरवी पूड धरते. ती दिसली तर आतही असते.

आणि मॉनिटरचं विसरू नका! तुमचा फक्त व्हीजीए आहे. १६५० ला व्हीजीए नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागेल. अडीच-तीनशेला येतो. नुसती वायर घेतलीत तर चित्र येणार नाही.

रात्रपाळी

खरेदीच्या वेळी पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) घेऊन जा, ताजी आवृत्ती. जुन्या पिढीच्या कार्डावर खोटा बायॉस (कार्डाची ओळख सांगणारा आतला प्रोग्राम) चढवून ते १०५० टीआय म्हणून विकतात. विंडोजलाही ते १०५० टीआयच वाटतं. जीपीयू-झेड मात्र नावाच्या आधी चौकटी कंसात ‘फेक’ लिहून दाखवतं. नंतर पंधरा मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी) चालवा. ठिपके, रेघा, पडदा काळा होणं, यातलं काहीही दिसलं तर हात जोडून निघा. विकणारा चालू करून दाखवायला तयार नसेल तर मुळात जाऊच नका.

विंडोजबद्दलही बोलायला हवं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, ती नोंदणी करून घ्या. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. तुमचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. जुगाड करून ११ चढवता येतं, पण मग व्हॅलोरंट सुरूच होणार नाही. विंडोज ११ वर त्याचं व्हॅनगार्ड (चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर) टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतं. म्हणून या मशीनवर १० च राहू द्या, आणि बँकेची कामं त्याच्यावर करू नका.

वऱ्हाडकर

माझ्या एसएसडीचं काय झालं? कुणी बोलतच नाही!

पाना_पक्कड

भाऊ, तुमचं म्हणणं बरोबर आहे. मशीन एकदम हलकं वाटायला लागतं. पण एसएसडीने गेम लवकर उघडतो, एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढत नाहीत. दहा हजारांत दोन्ही बसत नसेल तर मी कार्ड आधी घेईन. ताई, घरात किंवा ओळखीत एखादा बंद पडलेला लॅपटॉप आहे का? त्यात अडीच इंची साटा एसएसडी असेल तर ती तशीच तुमच्या डेस्कटॉपला लागते. एच६१ वर साटाचा जुना वेग आहे, सेकंदाला ३०० एमबीच्या आत. तरीही हार्ड डिस्कपेक्षा जमीन-अस्मानाचा फरक पडेल.

रॅमची आणखी एक ४ जीबीची पट्टी लावा, १६०० मेगाहर्ट्झची. दोन पट्ट्यांनी रॅम आणि प्रोसेसरमधले दोन्ही मार्ग उघडतात. ऑनलाइन घेताना "फक्त एएमडीसाठी" लिहिलेली स्वस्त डीडीआर३ घेऊ नका, तुमच्या इंटेल बोर्डावर ती चालणार नाही.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. सगळं सविस्तर सांगते.

अर्थिंग आधी केलं. वायरमनने बोर्ड उघडून दाखवला, तिसरी वायर खरंच हवेत लोंबत होती.

मग पुण्याला एका जाहिरातीवरून कार्ड बघायला गेलो. १०५० टीआय, चार हजार. भावाने पेन ड्राइव्ह लावला. जीपीयू-झेडमध्ये नावाच्या आधी तोच शब्द, चौकटी कंसात. भावाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. विकणारा म्हणाला, "ते सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतं." आम्ही पैसे खिशात ठेवून उठलो. जिन्यात भावाचे डोळे भरले होते, कारण तो पहाटेपासून जागा होता. रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचला नसता तर ते चार हजार गेलेच होते.

दुसऱ्या ठिकाणी १६५० मिळालं. सहा पिनवालं, साडेपाच हजार. एका कॉलेजच्या मुलाचं होतं. त्याने स्वतःच्या मशीनवर वीस मिनिटं फरमार्क चालवून दाखवलं, तापमान ७० च्या आसपास टिकलं. नवा एसएमपीएस २,७००. रॅमची पट्टी ४५०. कन्व्हर्टर ३००. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या पात्यांकडे नेणारी) १५०. बेरीज ९,१००. आणि काकांच्या फुटक्या पडद्याच्या लॅपटॉपमधून १२० जीबीची एसएसडी निघाली, फुकट. वऱ्हाडकर दादा, तुमचंही म्हणणं पूर्ण झालं.

प्रोसेसरवरची जुनी पेस्ट डबीत वाळून गेलेल्या चुन्यासारखी झाली होती, बोट लावलं की खपल्या पडत होत्या. सुती कापडाने पुसली आणि नवीन लावली, वाटाण्याएवढी.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पंखे फिरले, पण पडदा काळा. पोटात गोळा आला. कार्ड काढून परत बसवलं, तरी तेच. शेवटी मॉनिटर बोर्डाच्या व्हीजीएला लावला तर तिथे चित्र! बोर्डाच्या बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) पहिला डिस्प्ले "ऑनबोर्ड" ठेवलेला होता, ऑफिसातून आला तेव्हापासून. तो बदलून पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे कार्डाचा स्लॉट केला, कन्व्हर्टर लावला, आणि पडदा उजळला. रात्रीचे पावणेदोन वाजले होते. आई उठून बघायला आली.

आता एफपीएसचे आकडे. विंडोज आणि व्हॅलोरंट एसएसडीवर, बाकी दोन हार्ड डिस्कवर. जीटीए ५ बऱ्यापैकी वरच्या सेटिंगवर ६० च्या आसपास. व्हॅलोरंट शंभरच्या वर. काउंटर-स्ट्राइक २ मात्र गेममध्ये धूर पसरला की ८० वरून एकदम ४५ ला येतं. भावाने नोंद केली: त्या वेळी प्रोसेसर ९८-१०० टक्के, कार्ड फक्त ५०-५५. कार्ड खराब आहे का?

पाना_पक्कड

वा! तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. मोजून बोलतो, हे मला फार आवडलं.

कार्ड उत्तम आहे. ते निम्मं रिकामं बसलंय आणि प्रोसेसरची वाट बघतंय. चार कोर, चार धागे (थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारी कामं), सगळे भरलेले. अशा वेळी कोणतंही महागडं कार्ड लावलंत तरी धुरात ४५ च राहतील. हा आकडा आधी माहीत नव्हता, म्हणून मी प्रोसेसरबद्दल बोललो नव्हतो. आता मोजून कळलंय की पुढचा रुपया तिकडे जायला हवा. त्याच सॉकेटमध्ये आय७-३७७० बसतो, तोही ७७ वॅटचाच. चार कोर पण आठ धागे. जुन्या बाजारात अडीच हजारांच्या आसपास मिळतो. झिऑन ई३-१२३० व्ही२ कधीकधी स्वस्त असतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं. परवा तुम्हाला बोर्डाच्या व्हीजीएने वाचवलं, तो आधार मग जातो. त्यामुळे माझं मत आय७ ला.

रात्रपाळी

त्यापेक्षा चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर जावं का? चौथ्या पिढीपासून एव्हीएक्स२ (प्रोसेसरला समजणाऱ्या जादा सूचना) आहे, काही नवे गेम त्याशिवाय उघडतच नाहीत.

पाना_पक्कड

मुद्दा खरा आहे. पण त्यासाठी बोर्डही बदलावा लागतो आणि खर्च दुप्पट होतो. या तीन गेमना आज त्याची गरज नाही. ते पैसे पुढच्या मोठ्या मशीनसाठी बाजूला टाकावेत. कार्ड आणि एसएमपीएस तेव्हाही सोबत जातीलच.

कृष्णाकाठ

भावाने ठरवलंय, उरलेले नऊशे त्याच्याकडे आहेत आणि दिवाळीपर्यंत तो शेजारच्या दोन मुलांची गणिताची शिकवणी घेणार आहे. आय७ त्याच्या पैशाने. दादा, प्रोसेसर बदलताना पंखा काढायची नीट पद्धत तेवढी सांगून ठेवा, मी लिहून घेते.

पाना_पक्कड

आधी मशीन दहा मिनिटं चालवा म्हणजे पेस्ट मऊ होईल. मग बंद करून वायर काढा. पंख्याच्या चार पिना बाणाच्या दिशेने पाव वळण फिरवा, एकेक वर ओढा. पंखा सरळ उपटू नका, डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा. सॉकेटमधल्या सोनेरी पिनांना बोट लागू देऊ नका. नवीन प्रोसेसरच्या कडेच्या दोन खाचा जुळल्या की तो स्वतःच्या वजनाने बसतो, दाबायचं नाही. पंखा परत लावताना समोरासमोरच्या पिना जोडीने दाबा, चारदा "टक" ऐकू आलं पाहिजे. तिनदाच आलं तर बोर्ड उलटा करून बघा, चौथी अर्धवट असते.